कामटी आधी ऐकायची

“ठोकू नका म्हणते ना, बाबा! तुम्ही खिळा ठोकलात की मी उपटणार.”

“उपट की. तुझ्या आईचं कौतुक हाय ते, माझं न्हाई,” रुद्रेश स्टुलावरून म्हणाला. त्याच्या ओठांत दोन खिळे धरलेले होते, त्यामुळं राग नीट बाहेर पडत नव्हता.

खाली त्याची आई नागम्मा फ्रेम छातीशी धरून उभ्या होत्या. पूजा नुकतीच झाली होती, कपाळावरची विभूती अजून ओली होती. “इतकुशी पोर अन् बापाला उपटाउपटीची भाषा! काय खुपतंय गं तुला? पेपरात फोटो आलाय. ह्या घरातल्या बाईचा आजवर कधी आला होता का? माझा येईल तो मी मेल्यावर, खालच्या कोपऱ्यात, काळ्या चौकटीत.”

“त्यात खोटं छापलंय, आज्जी.”

“काय खोटं?”

सकाळपासून तिसऱ्यांदा शिवांगी एवढ्यावर येऊन थांबली होती आणि तिन्ही वेळा तिनं स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं होतं.

स्वयंपाकघरात अंबिका भाकरी थापत होती. दारातून तिला लेकीची फक्त पाठ दिसत होती. तेरा वर्षांची पोर दात आवळून उभी होती, ती आईचं नाव निघू नये म्हणून, हे तिला कळत होतं. ‘आज्जीला सांगू नको हं’ हे तिनंच पोरीला शिकवलं होतं. एकदा नाही, दोन वर्षं.

फ्रेममध्ये वर्तमानपत्राचं कात्रण होतं. अंबिकाचा फोटो, हातात बांबूचा स्केटबोर्ड. वर ठळक अक्षरांत तिचं वाक्य: ‘कामटी आधी ऐकायची, मग वाकवायची’. खाली बारीक अक्षरांत: मोबाइलवर पाहून अहमदपूरच्या गृहिणीनं घडवली बांबूची चाकफळी.

वाक्य तिचं नव्हतं आणि मोबाइलचं तर खोटंच होतं.

अंबिका उदगीरची. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना लग्न होऊन अहमदपुरात आली. सासरचं प्लायवूड आणि हार्डवेअरचं दुकान एस.टी. स्टँडपासून हाकेच्या अंतरावर. दुपारी एक ते चार रुद्रेश जेवून आडवा व्हायचा, तेव्हा गल्ल्यावर ती बसायची. त्या तीन तासांत गिऱ्हाईक क्वचितच यायचं. समोर लिंबाखाली साखराबाई सुपं, टोपल्या मांडून बसलेली असायची. दोघी एकमेकींना रोज बघायच्या आणि बोलणं ऊन, पाणी, दर एवढंच.

शिवांगीनं हट्ट करून मागवलेला प्लास्टिकचा स्केटबोर्ड आठ दिवसांत मधोमध मोडला. पोर रडली. अंबिकानं दुकानातला प्लायचा तुकडा कापून त्याला जुनीच चाकं बसवली. तोही चिरला. दुसरा चिरला, तिसराही. चौथ्या वेळी समोरून साखराबाई म्हणाली, “ताई, राग येऊ देऊ नका. त्ये लवंना म्हणून तुटायलंय. कळक घ्या की. कळक लवतंय.”

तिथून सुरू झालं. बांबू जून आहे की कोवळा, ते बोटाच्या पेरानं ठोकून कसं ओळखायचं, कोयत्यानं उभा कसा फाडायचा, आतला मऊ भाग खरवडून लांब, पातळ कामट्या कशा काढायच्या, सगळं साखराबाईनं शिकवलं. कामटी गुडघ्यावर थोडी वाकवायची आणि कानाशी न्यायची. आत कट्कन वाजलं की ती चुलीत. काहीच वाजलं नाही तर ती कामाची. “आधी ऐकायची पोरी, मग वाकवायची. डोळ्याला चांगल्या दिसणाऱ्या लई असतात.” ‘ताई’ची ‘पोरी’ कधी झाली ते दोघींनाही कळलं नाही. कामट्यांचे थर एक उभा, एक आडवा असे फेविकॉल लावून रचायचे, तुटक्या दाराच्या लाकडातून कोरलेल्या साच्यात घालायचे, वर आठ लोखंडी शिकंजे आवळायचे आणि दोन दिवस हात लावायचा नाही, हे मात्र दोघींनी मिळून शोधलं. पाच-सहा फळ्या वाया घालवून. एकदा अंबिकाच्या अंगठ्यात कूस शिरली, तेव्हा साखराबाईनं तिचा हात मांडीवर घेऊन सुईनं ती काढली.

त्या दिवशी घरी नागम्मांनी विचारलं, “अंगठ्याला काय झालं? अन् हे कळकाचं खूळ शिकवलं कोणी?”

“मोबाइलवर बघितलं,” अंबिका म्हणाली.

का म्हणाली? साखराबाई बुरूड गल्लीतली म्हणून. चारनंतर, गल्ला सोडला की तिच्या दारात, तिच्या चुलीपाशी, कामट्या शेकून मऊ करायला आपण जाऊन बसतो हे कळलं तर घरात चार दिवस भांडी आपटतील म्हणून. कटकट नको, एवढंच. मोठं पाप करतोय असं काही तिला तेव्हा वाटलं नव्हतं. नंतर पहिला बोर्ड तयार झाला. सुट्टीच्या दिवशी मोंढ्यातल्या सिमेंटच्या रस्त्यावर शिवांगी त्याच्यावरून या टोकापासून त्या टोकाला गेली, तेव्हा बघायला माणसं जमली. शिवांगीच्या वर्गातल्या पोरी ‘आम्हाला पण शिकवा, काकू’ म्हणत आल्या. घराच्या अंगणात दर रविवारी आठ पोरींचा वर्ग भरू लागला. आत अंबिका शिकवायची. साखराबाई बाहेर ओट्याच्या पायरीवर बसून कामट्या काढून द्यायची. आत ये असं तिला कोणी म्हटलं नाही आणि तिनंही कधी पायरी ओलांडली नाही. पोरी तिला बांबूवाली मावशी म्हणायच्या. अंबिकानं त्यांना कधी सुधारलं नाही.

लातूरच्या सभागृहात बचत गटांचा मेळावा झाला, त्यात अंबिकाचा सत्कार ठरला. साखराबाईला तिनंच आग्रहानं बोलावलं. मनात पक्कं होतं की स्टेजवर तिचं नाव घ्यायचं. आरशासमोर दोनदा म्हणूनही पाहिलं होतं: माझ्या गुरू साखराबाई. घरची मंडळी चुलत सासरे अमृतरावांच्या जीपमधून गेली. साखराबाई एस.टी.नं आली. जांभळं इरकल नेसून, अंबाड्यात अबोलीची वेणी घालून, मागून तिसऱ्या रांगेत बसली.

निवेदक बाईंनी विचारलं, “ही कला आपण कुठं शिकलात?”

पहिल्या रांगेत नागम्मा, शेजारी अमृतराव, पलीकडं उदगीरहून मुद्दाम आलेले तिचे दोन भाऊ. नागम्मांनी पदर सावरला आणि मान उंच केली. अंबिकानं मागं पाहिलं नाही.

“मोबाइलवर बघून,” ती म्हणाली. “माझी मीच.”

टाळ्या पडल्या. तिथं थांबली असती तरी एक वेळ. पण टाळ्यांनी माणूस सैल होतो. “बांबूचं एक असतं,” ती पुढं म्हणाली, “कामटी आधी ऐकायची, मग वाकवायची.” त्यावर तर सभागृह उठून टाळ्या वाजवायला लागलं. पत्रकारानं मान खाली घालून लिहून घेतलं.

जेवणाच्या रांगेत साखराबाई तिला भेटली. हातात ताटली, त्यात दोन पुऱ्या आणि बटाट्याची भाजी. अंबिकाला वाटलं, ती आता काहीतरी बोलेल. शिवी दिली असती तरी चाललं असतं.

“चांगलं बोललात, म्याडम,” साखराबाई म्हणाली. “आवाज कापला न्हाई तुमचा.”

म्याडम. तो शब्द घेऊन अंबिका जीपमध्ये बसली. परतीच्या वाटेत अमृतराव शेजारच्याला सांगत होते, “आमच्या सुनेला कोणी शिकवलं न्हाई बघा. उपजतच.” मागच्या सीटवर शिवांगी खिडकीला डोकं लावून बसली होती.

पुढच्या रविवारी साखराबाई आली. कामट्या काढल्या, नेहमीसारख्या एका मापाच्या. एका पोरीनं कामटी तिच्याकडं नेली आणि विचारलं, “मावशी, ही चालेल का?” साखराबाईनं ती हातातसुद्धा घेतली नाही. “मला काय कळतंय बाळा. म्याडमला इचार. त्यांनी मोबाइलवर बघितलंय.” पोरगी हसली. तिला ती थट्टा वाटली. अंबिकानं ती कामटी कानाशी नेली. सगळं लक्ष पायरीकडं होतं, त्यामुळं काही ऐकू आलं नाही. ठीक आहे म्हणून तिनं ती परत दिली. नंतर त्याच पोरीचा बोर्ड साच्यातून काढताना तिथंच तडकला.

त्याच्या पुढच्या रविवारी साखराबाई आलीच नाही.

गुरुवारी अंबिका बुरूड गल्लीत गेली. पिशवीत नवी साडी होती. साखराबाई दारात सूप विणत होती. तिनं पिशवीकडं पाहिलं आणि पुन्हा सुपाकडं.

“साडी कशाला, म्याडम? मी काय तुमच्या लग्नातली मानकरीण हाय?”

“चुकलं, मावशी. स्टेजवर माझी जीभ…”

“स्टेजचं सोडा. तिथं लई माणसं होती, माणूस घाबरतंय.” तिनं कामटी दातात धरली, सुपाची कड आवळली आणि मग कामटी काढून विचारलं, “घरात सांगितलंत का?”

अंबिका अर्धवट विणलेल्या सुपाकडं बघू लागली.

“घरात तर चौघंच हाव ना तुम्ही?”

तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती. अंबिकाला साडीची पिशवी कुठं ठेवावी ते कळेना. तिनं ती मागं, पाठीशी धरली, चोरून आणलेल्या वस्तूसारखी.

“पोरींना शिकवाल का, मावशी? तुम्ही स्वतः?”

“शिकवीन की. कामाला न्हाई कशाला म्हणू? पर तुमच्या पायरीवर आता मी येणार न्हाई. पोरी हितं, माझ्या दारात आणा. अन् आधी घरात सांगा. उगं तुमच्या सासूबाई हितं येऊन आरडाओरडा करतील, ते मला झेपायचं न्हाई.”

हे गुरुवारी झालं. शुक्रवार गेला, शनिवार गेला. दोन्ही दिवस अंबिका जेवायला वाढताना तोंड उघडायची आणि ‘मीठ बरोबर हाय ना?’ एवढंच विचारायची. आज रविवार उजाडला तो फ्रेम घेऊन.

बाहेर हातोडीचा पहिला ठोका पडला.

“बाबा!” शिवांगी ओरडली. “आईला तरी विचारा!”

“विचारायचं काय? अंबिका! अगं, उंची बघ जरा. एवढी बास का?”

अंबिकानं तव्यावरची भाकरी उतरवली, गॅस बंद केला आणि पिठाच्या हातांनीच बाहेर आली.

“खाली उतरा,” ती म्हणाली. “ते लागणार न्हाई.”

“का?”

“पोरगी खरं बोलायलीय. मी मोबाइलवर काही शिकले न्हाई. साखरामावशीनं शिकवलं. दोन वर्षं मी दुपारी चारनंतर त्यांच्या दारात जाऊन बसत होते. त्यात छापलेलं वाक्यसुद्धा त्यांचंच हाय.”

नागम्मांच्या हातातली फ्रेम खाली झाली. “बुरूड गल्लीत? आपल्या घरची बाई? अन् ही पोरगी?”

“तिला मीच गप्प बसवलं होतं, आत्याबाई. तिला बोलू नका.”

“अय्यो शिवा! अमृतराव सगळ्या लातूरभर सांगत फिरायलेत…”

“त्यांना मी सांगते.”

रुद्रेशनं तोंडातले खिळे काढून हातात घेतले. “अगं, पण पेपरात आलंय आता. झालं ते झालं. कोण विचारायला येतंय?”

“पेपरवाल्याला मी सकाळी फोन केला. तो म्हणाला, छापून गेलेलं परत छापत न्हाई.” तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. शिवांगी तिच्याकडं बघत होती. त्या नजरेत कौतुक नव्हतं. उशीर केलास, एवढंच होतं, आणि ते बरोबर होतं.

“आता पोरी येतील वर्गाला,” नागम्मा फ्रेम टेबलावर पालथी ठेवत म्हणाल्या. “त्यांच्या आया आल्या तर काय सांगायचं? मला तरी कळू दे.”

“हेच सांगायचं. वर्ग आजपासून हितं भरणार न्हाई. साखरामावशीच्या दारात भरणार, त्या शिकवणार. ज्यांना पोरी तिथं पाठवायच्या न्हाईत त्यांनी पाठवू नयेत. साचा अन् शिकंजे मी आत्ता घेऊन चाललेय. अन् दर रविवारी मी तिथं पोरींच्या ओळीत बसणार हाय.”