चुंबक शून्यावर आणताना

आमच्या प्रयोगशाळेत एक सांधा होता. एका बाजूला नायोबियम, दुसऱ्या बाजूला कोबाल्ट. दोन्ही थर इतके पातळ की डोळ्यांना नुसती चकाकी दिसायची. नायोबियम खूप थंड केलं की अतिसंवाहक होतं, म्हणजे त्यातून वीज अडथळ्याशिवाय वाहते. कोबाल्ट चुंबकीय. या दोघांच्या सीमेवरून जाताना विजेत जी बारीक थरथर होते तिला नॉइज म्हणतात. सांध्याभोवतीच्या मोठ्या चुंबकाचं क्षेत्र कमीजास्त करून ती मोजणं हा माझा एमएस्सीचा प्रकल्प होता. बाबांनी आमच्या मनवेलपाड्यात, विरारला, सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, पोरगी विजेची कुरकुर ऐकते. बाबा पाण्याचा टँकर चालवतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच.

अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन जोडीनं वावरतात. बाहेरच्या एकट्या इलेक्ट्रॉनला सहसा आत शिरता येत नाही, उलट फिरकीचा, म्हणजे उलट स्पिनचा, जोडीदार लागतो. जोडी आत गेली की नॉइज दुप्पट होतो. चुंबकात असे जोडीदार कमी. म्हणून आमच्या सांध्यात नॉइज कमी यायला हवा होता. मला तो जवळजवळ दुप्पट दिसत होता. मी तारा बदलल्या, वीजपुरवठा काढून बॅटरीवर मोजलं, सांध्याच्या जागी साधा रेझिस्टर लावून पाहिला. रेझिस्टरचा नॉइज बरोबर आला, म्हणजे जोडणी ठीक होती. मला वाटलं, चुंबकातूनही जोड्या जात असतील, काहीतरी नवीन सापडलंय.

माझे गाईड वसईतल्या पापडीचे. विरारही वसई तालुक्यातच, म्हणून ते आपल्याकडचे आहेत एवढ्यावरच मी त्यांना निवडलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी राहतेस कुठे म्हणून विचारलं. मी विरार म्हटलं.

"ईस्ट?"

"हो सर."

"मग वसईची नाहीस तू. तिकडे सगळे बाहेरून आलेले." ते हसले, म्हणून मीही हसले.

पीएचडीसाठी त्यांच्याकडे एकच जागा होती. ती मला हवी होती आणि माझ्याबरोबरच्या एका मुलालाही. सर म्हणाले, विभागाच्या सेमिनारवर ठरवू. मी आलेख नेऊन दाखवले. त्यांनी ते बराच वेळ पाहिले आणि हेच मांड म्हणून सांगितलं. त्या दिवशी मी घरी बटाटेवडे घेऊन गेले.

सेमिनारमध्ये माझं बोलून झाल्यावर सर उठले.

"मोठं चुंबकीय क्षेत्र दिल्यानंतर चुंबक शून्यावर कसं आणलंस?"

"करंट शून्य केला, सर."

"थेट?"

"हो. मीटरवर शून्य दिसत होतं."

मागे कोणीतरी हसलं. मला अजून कळलं नव्हतं. मग सरांनीच समजावलं. सांध्याला क्षेत्र देणाऱ्या मोठ्या चुंबकाची गुंडाळीही अतिसंवाहक असते. करंट बंद केला तरी थोडं क्षेत्र तिच्या तारांत अडकून राहतं. म्हणून ते झुलवत खाली आणायचं असतं. एकदा या दिशेला, एकदा त्या दिशेला, प्रत्येक वेळी आधीपेक्षा कमी. हे कुठे लिहिलेलं नसतं, आधीचा नंतरच्याला सांगतो. त्या उरलेल्या क्षेत्रानं कोबाल्टचे बारीक चुंबकीय तुकडे अस्थिर राहिले होते. मी ज्याला जोड्या समजत होते ती त्यांची चुळबुळ होती.

"टँकर रिकामा केला तरी तळाला पाणी राहतंच," सर म्हणाले. "बाबांना विचारायचंस की."

सगळा हॉल हसला. मीही हसले, कारण उपमा बरोबर होती.

नंतर कॉरिडॉरमध्ये मी विचारलं, सर, तुम्हाला आलेख बघताना कळलं होतं का. ते म्हणाले, पहिल्याच आलेखात. आधी सांगितलं असतं तर हे तुझ्या जन्मभर लक्षात राहिलं असतं का, असंही म्हणाले. जागा त्या मुलाला मिळाली. त्याला चुंबक झुलवायला सरांनीच शिकवलं होतं, अगदी पहिल्या आठवड्यात, शेजारी उभं राहून. हे त्यानंच मला सांगितलं. त्याला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं.

बाबा म्हणाले, "मग त्या मानसानं आधी का नाय सांगितलं?" मी सरांची बाजू घेतली. संशोधनात असंच असतं म्हटलं. टँकरचं वाक्य मात्र घरी सांगितलं नाही.

दुसऱ्या संस्थांत अर्ज करायचा तर गाईडचं शिफारसपत्र लागतं. एका रविवारी मी पापडीला त्यांच्या घरी गेले. ते नुकतेच चर्चमधून, रविवारच्या मिस्सावरून आले होते. त्यांच्या आईनं मला पाणी दिलं. मग ती दोघं त्यांच्या घरच्या बोलीत काही बोलली आणि हसली. माझ्याबद्दल नसेलही.

"देईन ना पत्र," सर म्हणाले. "मेहनती आहे, प्रामाणिक आहे, असं लिहीन."

"आणि मोजमापाबद्दल, सर?"

"त्याबद्दल लिहायलाच नको. म्हणजे खोटं लिहावं लागणार नाही."

नुसतं मेहनती लिहिलेलं पत्र म्हणजे कामात सांगण्यासारखं काही नाही, असंच निवड समिती वाचते, हे मला तोपर्यंत माहीत झालं होतं. तरी मी थँक यू म्हटलं आणि त्याच पत्रावर अर्ज केले. कुठूनही बोलावणं आलं नाही. दुसऱ्या कोणाकडून पत्र आणणार होते? माझं काम पाहिलेलं माणूस तेवढं एकच होतं.