भिंगकाकांची हिरवी टेस्ट

भिंगकाकांना ऑफिसात नावाने कुणी हाक मारत नसे. चष्मा कपाळावर सारून, नाक स्क्रीनला टेकेल इतक्या जवळून ते दुसऱ्यांचं काम वाचत, म्हणून भिंगकाका. काम काय, तर तपासणी. फायलींच्या जुन्या-नव्या आवृत्त्या सांभाळणारा एक प्रोग्राम, त्यात पुसलेली फाईल परत आणणारी एक कमांड, आणि ती नीट चालते का ते आपोआप बघणाऱ्या छोट्या छोट्या टेस्ट. त्या चालवायचं काम शेलचं, म्हणजे टाईप केलेल्या कमांड एकामागून एक चालवणाऱ्या प्रोग्रामचं. पास झाली की हिरवी, नापास झाली की लाल. टेस्ट बाकीचे लिहीत, कधीमधी काकाही, पण त्यांचं खरं काम दुसऱ्यांच्या टेस्टमधल्या चुका काढणं. सोळा वर्षं हेच! असल्या कामाला माणूस मुळातच किरकिरा लागतो आणि काका तसे होतेच. पण चूक काढली की त्या माणसाच्या टेबलावर स्वतःच्या हाताने चहा नेऊन ठेवत. काहींना दिवसाला चार-चार चहा मिळत.

त्या शुक्रवारी त्यांच्यापुढे नव्या बाईंची टेस्ट होती. मुलं मोठी झाल्यावर बारा वर्षांनी त्या नोकरीत परतल्या होत्या. प्रोबेशन त्याच संध्याकाळी संपणार होतं. तोवर एक तरी टेस्ट मंजूर झाली तर ठीक, नाहीतर घरी. आणि टेस्ट आली लालभडक! फाईलच्या नावात मोकळी जागा असेल तर कमांड ती परत आणत नाही, असं तिचं म्हणणं. काकांनी ती दोनदा परत पाठवली. 'हेच तपासणारी माझी जुनी टेस्ट हिरवी आहे. चूक तुमच्यात शोधा.'

दुपारी बाई स्वतःच टेबलाशी आल्या. माघार घ्यायचं लक्षण नव्हतं.

"काका, रागावू नका. तुमच्या टेस्टमधली कमांडच मी काढून टाकली. तिथे काहीबाही लिहिलं. तरी ती हिरवीच येते."

"काहीतरीच काय!" म्हणत काकांनी चालवून पाहिलं. हिरवी. पुन्हा पाहिलं. हिरवीच!

मग त्यांना दिसलं. कमांडने छापलेली यादी त्यांनी पाईपने, म्हणजे दोन कमांडना जोडणाऱ्या खुणेने, पुढच्या, यादी नीट लावणाऱ्या कमांडकडे सोपवली होती. शेल आपलं शेवटच्या कमांडलाच विचारतं, "झालं का गं?" ती म्हणते, "झालं." आधीची तोंडावर आपटली तरी कुणाला पत्ता नाही. बाईंनी आपल्या टेस्टमध्ये दोघींना वेगवेगळं विचारलं होतं, एवढंच. ही चूक काकांनी दुसऱ्यांच्या कामात शंभरदा पकडली असेल. स्वतःची आठ वर्षं नांदत होती. काकांना इतकी लाज वाटली की कानाच्या पाळ्या तापल्या.

बाहेर जिन्यात जाऊन त्यांनी बायकोला फोन लावला. सगळं ऐकून ती म्हणाली, "अहो, मग फोन मला कशाला? चुकलं म्हणायला जीभ लागते, ती तुम्हाला भरपूर दिलीय देवाने. ती बिचारी बसलीय ना तिकडे जीव मुठीत धरून!"

काका आत आले. सगळ्यांना दिसेल अशा जागी त्यांनी शेरा लिहिला : 'चूक माझी. माझी टेस्ट पोकळ आहे. बिघाड कमांडमध्ये आहे आणि तो या बाईंनी शोधला.' मग बाईंना घेऊन थेट साहेबांच्या खोलीत गेले.

"म्हणजे यांची टेस्ट मंजूर ना?" साहेबांनी विचारलं.

"मंजूर. आणि माझ्या सगळ्या जुन्या टेस्ट आता यांच्याकडे तपासायला द्या."

बाई दचकल्या. "सगळ्या? काका, सोळा वर्षांचं काम आहे ते. वर्ष जाईल माझं!"

"ऐकलंत ना साहेब?" काका म्हणाले. "वर्षभराच्या नेमणुकीचं पत्र आजच काढा."