काकूंच्या तोंडी मायची बोली

पोतनीस काकू स्टेजवर आल्या त्या माझ्या मायचं लुगडं नेसून. पदर खोचलेला, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, काखेत सूप. माइकपाशी येऊन त्यांनी तोंड वाकडं केलं आणि ओरडल्या, "काय वो बाई, मले काई गमत नाही इथं!" माधव नगरातला आमच्या मराठी मंडळाचा हॉल खदाखदा हसला. गणेशोत्सवातला विनोदी एकपात्री प्रयोग होता. शेवटच्या ओळीत मी आणि माय बसलो होतो.

मायही हसली. हे आधीच सांगून टाकते, कारण मला अजून तेच जास्त बोचतं. तिला वाटलं, आपलं कौतुकच चाललंय.

माय काकूंकडे पोळ्या करायची. तेव्हा चौदा वर्षं झाली होती. तिच्या हातच्या पोळ्या चालत, तिने देवघरात पाऊल टाकलेलं चालत नसे. आम्ही मूळचे बुलढाण्याकडचे. बाबा उज्जैनच्या भैरवगढला कापडछपाईच्या कामाला होते, म्हणून इकडे आलो. ते लुगडं बाबांनी स्वतःच्या हाताने छापलेलं. काकू म्हणाल्या, "एका कार्यक्रमासाठी तुझं ते लुगडं देशील का गं?" मायला केवढा मान वाटला. धुऊन, इस्त्री करून, वर्तमानपत्रात गुंडाळून ती देऊन आली.

काकूंकडे एक डायरी होती. त्यात मायचे शब्द लिहिलेले. काहून म्हणजे का, उलीसं म्हणजे थोडंसं, भेव म्हणजे भीती, पोट्टी म्हणजे मुलगी. पाहुणे आले की काकू डायरी काढायच्या आणि मायला स्वयंपाकघरातून हाक मारायच्या, "ये गं जरा, बोलून दाखव." माय हात पुसत यायची, बोलायची. पाहुणे हसायचे. माय परत पोळ्या लाटायला जायची.

आणि डायरीत शब्द कोण पुरवायचं? मी. शाळेला सुट्टी असली की मायबरोबर मीही जायचे. काकू विचारायच्या, "आज काय नवीन बोलली गं तुझी आई?" मी सांगायचे. नुसतं सांगून थांबत नसे. मायची मान कशी हलते, हात कसा नाचतो, तेही करून दाखवायचे. मग हातावर बेसनाचा लाडू पडायचा. तो लाडू आज आठवला तरी किळस येते. त्या लाडवाची नाही, माझी.

बरं, या काकूंची मराठी तरी कसली होती? सरदारांच्या दरबारात पूर्वज दप्तर सांभाळायचे म्हणून तोरा केवढा, आणि बोलताना निम्मी हिंदी. "मला तर एकदम घबराहट होऊन राहिली." पुण्याची भाची एकदा त्यावर फिदीफिदी हसली, तर काकू दोन दिवस तिच्याशी धड बोलल्या नाहीत. म्हणजे कुणी बोलण्याला हसलं की काय होतं, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

त्या रात्री स्टेजवर सूप झालं, लाटणं झालं. मग काकूंनी एका काल्पनिक बाईचा हात धरला, गळा काढला आणि म्हणाल्या, "बाई, त्यायचा जीव लय घाबरून राह्यला वो! उलीसं पानी पाजू देत नाहीत मले! कायले आणलं मी त्यायले इथं?"

हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. दोन वर्षांपूर्वी, सरकारी दवाखान्यात. बाबांना धाप लागली होती, डॉक्टरांनी पाणी बंद केलं होतं. काकू शहाळं घेऊन भेटायला आल्या होत्या. मायने त्यांचाच हात धरून हे म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी बाबा गेले. काकूंनी ते वाक्य घरी नेऊन डायरीत लिहिलं असणार. हुंदक्यासकट.

हॉलमध्ये लोक डोळे पुसत हसत होते. आमच्या पुढचा एक गृहस्थ मांडीवर थाप मारत होता. मी मायकडे पाहिलं. तिचं हसू थांबलं होतं, तोंड मात्र अजून तसंच उघडं होतं.

कार्यक्रम संपल्यावर काकू घामाघूम होऊन आल्या. "कशी वाटली? अगं, सगळं तुझंच आहे!"

माय म्हणाली, "छान झालं हो, काकू." घोटून घोटून शुद्ध.

त्या दिवसापासून माय घरात हिंदी बोलू लागली. "रोटी खा ले." "दरवाज़ा लगा दे." मामाचा गावाहून फोन आला तरी हिंदी. तो विचारायचा, "काहून वो, आपली बोली इसरली का?" माय म्हणायची, "अब आदत नहीं रही."

पुढच्या वर्षी काकूंनी मला बोलावलं. मी तोवर एका दवाखान्यात रुग्णांना चिठ्ठ्या देण्याच्या खिडकीवर लागले होते. "या वर्षी दोघींचा प्रवेश करू. मी सासू, तू सून. तुझ्या तोंडी कसं अस्सल वाटेल!"

मी तालमीला गेले. आठ-दहा बायका, चहा, पोहे. मी उभी राहिले आणि दवाखान्यातलं तेच वाक्य म्हटलं. हात न हलवता, माय जशी हळू बोलली होती तसं. तरी हसल्या. एकजण म्हणाली, "हिला तर जन्मजातच येतं!" मला शिसारी आली. त्या तोंडांची, तोंडातल्या पोह्यांची.

मी म्हटलं, "हे माझ्या मायचं बोलणं आहे. समोर माझे बाबा मरत होते. यातल्या कुठल्या शब्दाला हसलात?"

काकू म्हणाल्या, "अगं, आम्ही प्रेमानं करतो हे. अशानेच बोली जिवंत राहते."

"आमच्या घरात ती मेली, काकू."

कोपऱ्यात नाटकाच्या कपड्यांची पेटी होती. तिच्यातून मी वर्षभर परत न आलेलं मायचं लुगडं काढलं. काठाला पावडर आणि तेलाचे डाग पडले होते. दारापर्यंत पोचले तेव्हा काकूंचा आवाज आला, "मग प्रयोगाला मी नेसू काय?" एवढंच सुचलं त्यांना.

घरी सगळं सांगितलं. वाटलं, माय जवळ घेईल. ती म्हणाली, "तूने अच्छा नहीं किया. कल काम पे कौन सा मुँह लेके जाऊँ?" आणि दुसऱ्या दिवशी गेली. अजून जाते. घरात अजून हिंदीच बोलते.

ती पुन्हा आपल्या बोलीत बोलेल की नाही, मला माहीत नाही. मी बोलते. तिच्याशी बोलते, ती हिंदीत उत्तर देते, तरी बोलते. खिडकीवर बोलते, डॉक्टरांसमोर बोलते. खिडकीशी खेड्यातली म्हातारी इकडच्या मालवी बोलीत काही विचारते आणि माझ्या शेजारचा कारकून तिची नक्कल करायला तोंड उघडतो, तेव्हा मी हातातलं पेन खाली ठेवते. त्याच्याकडे वळते. सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारते, "काहून हसून राह्यला? सांग." आणि तो सांगेपर्यंत त्याच्यावरची नजर काढत नाही.