वहीतली चेष्टा

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. मग तुम्हाला काहून सांगून राहिली? – तुम्ही मोठ्या बाईंना ओळखत नाही, हेलनला ओळखत नाही, म्हणून असेल.

जबलपूरच्या राइट टाउनला आमचं बालवाडीच्या शिक्षिका तयार करायचं केंद्र होतं. चालवायचं आम्हा मराठी बायकांचं मंडळ, पण शिकायला येणाऱ्या मुली सगळ्या हिंदीवाल्या, बऱ्याचशा शहराच्या टोकाच्या रांझीहून बसनं येणाऱ्या. प्रमुख होत्या मोठ्या बाई. माहेर अमरावतीचं. जबलपुरात तीस वर्षं काढली तरी त्यांची हिंदी भाजीवालीपुरतीच. नमुना पाठ मी घ्यायची. लेकरं समोर, मुली मागं, अन् मी शिकवून दाखवायची. नऊ वर्षं. लोक म्हणायचे, वसुधाताईंच्या वर्गात लेकरं कशी पटापट बोलतात!

बोलणार नाहीत तर काय? आदल्या दिवशी मीच पाच-सहा जणांना बाजूला घेऊन उत्तरं घोटून घ्यायची.

तर अशात हेलन आली. न्यूझीलंडची निवृत्त मास्तरीण. तीन महिन्यांसाठी, स्वतःच्या तिकिटानं, बिनपगारी. मला पहिला प्रश्न हाच पडला – फुकट कोण येते हो इतक्या दुरून? काहीतरी काम असल्याशिवाय? त्यात मोठ्या बाई म्हणाल्या की जाताना ती अहवाल लिहून देईल, नमुना पाठ पुढं कोणी घ्यायचे ते त्यावरून ठरवू. झालं. नऊ वर्षांचे माझे पाठ आता हिच्या हातात.

ती मागच्या बाकावर बसायची अन् वहीत लिहायची. तेही हिंदीत. घरूनच पुस्तकावरून शिकून आलेली, म्हणून बोलणं सगळं जड-जड – मदतीला 'सहायता', वेळेला 'समय'. आमच्या पोरी तोंडाला पदर लावून हसायच्या अन् ती पुन्हा तोच शब्द घोकायची. मला मात्र हसू येत नव्हतं. इंग्रजी येत असताना ही हिंदीत काहून लिहिते? कोणी वाचावं म्हणून? मी तिला स्कूटरवर बसवून सदर बाजारात नेलं, खोव्याची जलेबी खाऊ घातली, आडून-आडून विचारलं. ती नुसती हसली. म्हणे, शिकून राहिली आहे.

एक दिवस माझा पाठ चालू होता – पानं. पान हिरवं काहून असते, सगळं घोटलेलं. अन् हेलन मागून उठून आली, एका लहान पोरीजवळ उकिडवी बसली अन् विचारलं, झाडाला लाल पानं असतात का? तू पाहिलीस? ते काही मी घोटलं नव्हतं. पोरगी माझ्या तोंडाकडे पाहायला लागली. मग हेलननं माझ्याकडे पाहिलं. जागेवर गेली अन् लिहायला लागली.

चोराच्या मनात चांदणं. मधल्या सुट्टीत ती हात धुवायला गेली अन् मी वही उघडली. त्या दिवशीच्या पानावर दोनच ओळी होत्या. वर – वसुधा जी बहुत चेष्टा करती हैं। खाली – मुझे उनसे सीखना है।

आता नीट ऐका. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, खटपट. मराठीत चेष्टा म्हणजे टिंगल. हे मला माहीत नव्हतं? अहो, माझं सगळं शिक्षण हिंदीत झालं! दरवर्षी पहिल्या दिवशी मीच मुलींना गंमत सांगायची – तुमची शिक्षा म्हणजे विद्या अन् आमची शिक्षा म्हणजे छडी. मग? ती माझं कौतुक करून राहिली होती, हे मला वाचताक्षणी कळलं. अन् तरी भीती गेली नाही. आज कौतुक, उद्या घोकंपट्टीचं लिहिलं तर?

वही घेऊन मी मोठ्या बाईंकडे गेली. म्हटलं, उघडीच पडली होती, पाहा काय लिहिलंय – मी लेकरांची चेष्टा करते म्हणे. खालच्या ओळीवर माझा अंगठा होता. बाईंनी वरची ओळ वाचली, मराठी डोळ्यांनी. चेहरा लालबुंद झाला.

दुसऱ्या दिवशी हेलनला बोलावलं. बाईंना इंग्रजी येईना, हिंदी धड नाही, तेव्हा मधे बोलायला मीच. बाईंनी सांगितलं, सोमवारपासून येऊ नका. हेलननं विचारलं, काय चुकलं? मी तिला सांगितलं की तुम्ही लिहिलेल्या त्या शब्दाचा अर्थ असा-असा होतो, आम्हाला फार लागलं. मराठीत होतो, एवढं मात्र मी सांगितलं नाही. ती पांढरीफटक पडली. हात जोडले. हिंदीतच म्हणाली, "मेरी भाषा की भूल है। मुझे क्षमा कीजिए।" मी बाईंकडे वळून म्हटलं, कबूल केलं तिनं, माफी मागून राहिली आहे. खोटं होतं का त्यात काही? एक अक्षर नाही.

वही कोणी उघडली, हे तिनं विचारलंसुद्धा नाही. दीड महिना बाकी असताना ती गेली. नमुना पाठ माझेच राहिले, निवृत्त होईपर्यंत.

दिवाळीला मला तिचं पत्र यायचं. इंग्रजीत. हिंदीचा एक शब्द नाही, नमस्तेसुद्धा नाही. पहिल्याच पत्रात होतं की हिंदीची पुस्तकं तिनं देऊन टाकली, आपल्याला येते असं वाटलं होतं, पण न येणाऱ्या भाषेनं कोणाला दुखवू नये.

अन् त्या दिवशी ती हात जोडून समोर उभी होती, तेव्हा मी काय केलं, ते राहिलं सांगायचं. मी तिचे हात हातात घेतले अन् म्हटलं, "कोई बात नहीं, दीदी। मैंने माफ़ किया।"