चिमणीची किंकाळी

चिमणी बोलते तेव्हा कान तिच्या तोंडाशी न्यावा लागतो. चहा हवा की नको हे ती इतक्या हळू सांगते, की आमचा चहावाला विचारायच्या भानगडीतच पडत नाही, कप ठेवून निघून जातो. म्हणून तिचं नाव चिमणी. आणि या चिमणीचा धंदा काय, तर किंकाळ्या फोडणं. आम्ही डबिंगच्या स्टुडिओत काम करतो. पडद्यावरच्या नट्या दिसायला छान असतात, पण किंकाळी फोडायची वेळ आली की शिंक अडकल्यासारखं तोंड करतात. त्यातून एखादी खरंच ओरडली तर तिचा घसा बसतो आणि दुसऱ्या दिवशीचं शूटिंग बोंबलतं. मग त्यांच्या उघड्या तोंडात आमची चिमणी आवाज घालते.

मी तिच्या शेजारच्या माइकवर म्हाताऱ्या करते. खाष्ट सासवा, चेटकिणी, मरता मरता शाप देणाऱ्या बायका, जे येईल ते. अजून पन्नाशीही गाठली नाही, तरी स्टुडिओत झाडून सगळे मला आजी म्हणतात. चिमणी तेवढी ताई म्हणते, म्हणून ती मला जवळची.

एवढा आवाज आणतेस कुठून, असं मी तिला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "ताई, घरात कधी ओरडायला मिळालंच नाही ना. साठलंय." खरंच होतं ते. तिची आई गेली तेव्हा धाकटा भाऊ रांगत होता, आणि ही स्वतः शाळेत जाणारी पोर. तिनंच त्याला वाढवलं. लग्न ठरवतानाही नवऱ्याला पहिल्याच भेटीत सांगून टाकलं, की मी एकटी येणार नाही. नवरा सरळ माणूस, म्हणाला, दोघंही या. भाऊ मोठा होऊन इमारतींच्या रंगकामावर लागला, बांबूच्या परांचीवर चढून. संध्याकाळी तिला न्यायला यायचा तो कोपरापर्यंत रंगलेला. मला म्हणायचा, "आजी, ही दिवसभर परक्यांसाठी ओरडते आणि घरी मी कितीही उंडारलो तरी एक शब्द बोलत नाही. हा अन्याय आहे की नाही?" मी म्हणायचे, तू माझ्याकडे राहायला ये, मी तुझी हौस फेडते.

आता आमच्या कामाची एक रीत सांगते, कारण सगळं तिथंच अडकलंय. आमचा रेकॉर्डिस्ट काचेपलीकडे बसतो. त्याला आम्ही कान म्हणतो. कान सकाळी मशीन सुरू करतो ते काम संपेपर्यंत थांबवत नाही. टेक झाला, आम्ही खोकलो, पाणी प्यालो, एकमेकींची उणीदुणी काढली, तरी मशीन आपलं चालूच. त्याचं म्हणणं असं, की चांगला आवाज कधी चुकून निघेल सांगता येत नाही, तो हातचा जायला नको. दुसरी रीत म्हणजे फोन बाहेरच्या टोपलीत ठेवायचे. आणि कान आमच्याशी बोलणार ते बटण दाबून, आमच्या हेडफोनमध्ये. वर्षानुवर्षं हेच. समोरासमोर आला तर या माणसाला शब्द सुचत नाहीत.

त्या दिवशी आमच्याकडे 'दार लोटून घ्या'चं काम होतं. ही भुताखेतांची मालिका. दर आठवड्याला नवी गोष्ट, नवी माणसं. सारखं काय, तर शेवटचा झटका. अगदी शेवटच्या मिनिटाला असं काहीतरी निघतं, की आधीचं सगळं उलटंपालटं होतं. तिचे चाहते म्हणजे वेगळीच जमात. भाग संपला रे संपला की झटक्याला दहापैकी मार्क देतात आणि त्यावरून रात्रभर भांडतात. माझी लेक त्यांतलीच एक. परीक्षेत स्वतःला मार्क मिळवायला एवढी धडपडली असती तर आज कुठच्या कुठे असती.

गोष्ट होती मूल हरवलेल्या बाईची. चिमणीच्या सकाळी चार-पाच किंकाळ्या झाल्या होत्या. दुपारी आम्ही दोघी पुढच्या टेकची वाट बघत माइकसमोर उभ्या होतो. बाहेर टोपलीत चिमणीचा फोन वाजत होता म्हणे, वाजतच होता. शेवटी ऑफिसातल्या बाईनं तो उचलला आणि ती धावत कानाकडे गेली. काचेतून मला तिचे हलणारे हात दिसले. कान उठून आत येऊ शकला असता. दार दोन पावलांवर होतं. पण त्याचं बोट सवयीनं बटणावर गेलं, आणि आमच्या दोघींच्या कानांत त्याचा तोच टेक सांगतानाचा आवाज आला. "चिमणे, बाहेर ये. भाऊ परांचीवरून पडला. गेला तो."

चिमणी ओरडली. मी तिच्याशेजारी उभं राहून तिच्या शेकड्यांनी किंकाळ्या ऐकल्या आहेत, जांभया देत ऐकल्या आहेत. ही ऐकून मी मागे भिंतीवर आदळले. मग ती खाली बसली आणि म्हणाली, "माझं लेकरू गं, ताई." मी "चिमणे, अगं चिमणे" म्हणत तिला धरलं. कान आत आला, सगळे आले, आम्ही तिला घेऊन धावत सुटलो. मागे रिकाम्या खोलीत मशीन चालूच राहिलं.

कान पुढचे काही दिवस तिच्या घरीच पडून होता, धावपळ करत. त्याच्या जागी आलेल्या माणसानं त्या दिवसाचं सगळं रेकॉर्डिंग होतं तसं मिक्सिंगला पाठवून दिलं. मिक्सिंगवाला, म्हणजे आमचे आवाज चित्राला जोडणारा, बसतो शहराच्या दुसऱ्या टोकाला, त्यानं आमची तोंडंही पाहिलेली नाहीत. कान बटण दाबून जे बोलतो ते फक्त आम्हाला ऐकू येतं, मशीनमध्ये जात नाही. त्यामुळे त्याला ऐकू आलं ते इतकंच, की एक बाई ओरडते, माझं लेकरू म्हणते, दुसरी तिला सावरते. गोष्ट मूल हरवल्याची. त्याला वाटलं, काय रंगलीय बाई. त्यानं नेमकी तीच किंकाळी उचलली. त्याला दोष कसा देऊ? मी दिला, भरपूर दिला, पण त्याच्या पाठीमागे.

मालिकेचं ते नवं पर्व रखडत रखडत वर्षानं लागलं. तोवर चिमणी कामावर परतली होती. किंकाळ्या फोडत होती, पैसे घेत होती, घरी जात होती. हसणं मात्र बंद. मी इतके टोमणे मारले, नकला केल्या, पण ती नुसती मान हलवायची.

तो भाग मी घरी लेकीबरोबर पाहिला. किंकाळी आली, ती त्या दुपारची. मी उठून टीव्ही बंद केला. लेक खवळली, "आई, झटका राहिला ना." थोड्या वेळानं फोनवर लोकांचं वाचून दाखवायला लागली. कुणाच्या हातातला कप पडला होता. कुणी लिहिलं होतं, झटका दहापैकी चार, किंकाळी दहापैकी बारा. एकाचं म्हणणं, ही नटी असणं शक्यच नाही, तिला धड दचकताही येत नाही, खरी बाई शोधून काढा. आणि एक शहाणा म्हणत होता, जरा जास्तच झालं, खऱ्या आयुष्यात माणसं असं ओरडत नाहीत. त्याचा पत्ता मिळाला असता तर मी चेटकिणीच्या आवाजात त्याला उत्तर दिलं असतं.

रात्रभर एकच घोर. उद्या तिच्या समोर कशी जाऊ?

सकाळी गेले तर चिमणी दारातच माझी वाट बघत उभी, आणि चक्क हसत होती. "ताई, ऐकलीस? सकाळच्या टेकमधली असणार. मला तर माझीच ओळखू आली नाही." मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिला खरंच कळलं नव्हतं. त्या दुपारचं तिला काही आठवतच नव्हतं, आपण ओरडलो हेसुद्धा नाही. त्यातून आपला आवाज बाहेरून ऐकला की कुणालाही परकाच वाटतो. डब्याच्या वेळी तिनं लोकांचं सगळं मला वाचून दाखवलं, त्या बारीक आवाजात, एकेक शब्द चाखत. तिचं नाव कधी कुठल्या पाटीवर आलं नव्हतं. आता लोक तिला शोधत होते.

मी कानाला गाठलं. त्यानं हेडफोन लावून तो तुकडा ऐकला आणि हेडफोन काढून ठेवला. मग मला म्हणाला, "तिला सांगू नकोस. आज हसली ती."

"आणि दुसऱ्या कुणाकडून कळलं तर?"

"कोण सांगणार? ती किंकाळी ओळखणारे दोघंच, तू आणि मी."

मी चिडले, तणतणले. पण सांगायला म्हणून तिच्याजवळ गेले की ती नवीन काहीतरी वाचून दाखवायची आणि माझं सांगणं राहून जायचं. तिला दुसऱ्यांदा भाऊ गेल्याचं सांगायचं कसं? आणि सांगायचं नाही, तर जगभर लोक तिचं दुःख चहाबरोबर ऐकतायत हे पोटात ठेवायचं कसं? मी दोन्हींतलं काहीच धड केलं नाही.

शेवटी मालिकेवाल्यांनी चाहत्यांचा मेळावा ठेवला आणि चिमणीला बोलावलं. मी तिला परोपरीनं सांगून पाहिलं, कशाला जातेस, गर्दी असेल, घसा जाईल. ती म्हणाली, "ताई, माझं कौतुक होतंय, तर तू अशी का वागतेस?" तिला वाटलं मी जळते. तिनं नवे कपडे घेतले, नवऱ्याला पहिल्या रांगेत बसवलं. मी त्याच्या शेजारी.

हॉल गच्च भरलेला. चिमणीनं माइकसमोर उभं राहून आपली नेहमीची किंकाळी फोडली. खणखणीत, कामाची. टाळ्या पडल्या, पण मागून आरडाओरडा सुरू झाला, "ही नाही, ती." तिनं पुन्हा फोडली. तरी "ती, ती". चिमणी गोंधळून हसत होती. तेवढ्यात निवेदक म्हणाला, तुमच्यासाठी खास भेट आहे. मिक्सिंगवाल्यानं तो सबंध तुकडा आणला होता, कुठेही न कापलेला.

मी उठले, नको म्हणाले. भल्याभल्यांना शाप देणारा माझा आवाज, शेजारच्या खुर्चीपर्यंत गेला नाही.

भोवतीच्या सगळ्या स्पीकरमधून ती किंकाळी आली. पाठोपाठ, "माझं लेकरू गं, ताई." आणि मग माझा आवाज, म्हातारीचा नव्हे, माझा, "चिमणे, अगं चिमणे." चिमणीनं मान वळवून मला शोधलं. मी मान खाली घातली. तेवढ्यानं तिला कळलं.

हॉल टाळ्यांनी दणाणला. त्या ओसरेपर्यंत ती तशीच उभी होती. मग माइक तोंडाशी धरला आणि इतक्या हळू बोलायला लागली, की सगळे चिडीचूप झाले.

"हे मी काम म्हणून केलेलं नाही. माझा भाऊ गेला. तो गेल्याचं मला कळलं, तेव्हाची मी आहे ही."

मला वाटलं, आता लोक उठतील, माना खाली घालून बाहेर जातील. तेवढ्यात मधल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "झटका." एक उठला, दुसरा उठला, मग अख्खा हॉल उभा राहिला. शिट्ट्या, टाळ्या, दहापैकी दहाचा गजर. त्यांना वाटलं, हा त्यांच्यासाठी रचलेला शेवट. फक्त मिक्सिंगवाला हात मांडीवर ठेवून पांढराफटक बसला होता. नवऱ्यानं वर जाऊन तिला हाताला धरून खाली आणलं. मी "चिमणे" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

दाराशी एक मुलगी आडवी आली, माझ्या लेकीच्या वयाची, फोन हातात धरून. "मॅडम, एकच फोटो. शेवटी भावाचं सांगितलंत ना, आईशप्पथ, मला क्षणभर खरंच वाटलं."

चिमणीनं तिच्याकडे पाहिलं.

"मला अजून खरं वाटत नाही," ती म्हणाली.

मुलगी हसली आणि तिच्या खांद्यावर हात टाकून फोटोसाठी उभी राहिली.