पोळ्याचा पंचनामा

महायुद्धात काही देश तटस्थ का राहतात, हा प्रश्न मी सातवीच्या वर्गाला दरवर्षी न चुकता घालत असे. उत्तरही मीच सांगे. देश लहान असतो, दोन बलाढ्य शेजाऱ्यांच्या मधे सापडलेला असतो, त्याची देवघेव दोघांशी असते, शिवाय भांडण मिटवायला कुणीतरी मधला लागतोच. पोरं वहीत उतरवून घेत. महाराष्ट्र नुकताच झाला होता, मोताळ्याच्या पुढच्या एका खेड्यात माझी बदली झाली होती, आणि स्वतःच्या शहाणपणावर मी बेहद्द खूश होतो.

गावात मोठी घरं दोन. पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी कुणाची जाणार, यावरून त्यांचं पिढीजात वैर. वरच्या घरानं मला खोली फुकट दिली होती, खालच्या घरून ज्वारी यायची. त्यामुळे मी दोघांकडेही चहा प्यायचो आणि कुणाच्याच बोलण्यावर मान हलवायचो नाही. गावाला हा माझा मोठेपणा वाटे. मला खरं कारण ठाऊक होतं.

त्या पोळ्याला वरच्या घराच्या सालदारानं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्यानं, मालकाच्या हुकमावरून बैल पुढे घातले आणि खालच्या घराची टर उडवणारी झडती म्हटली. पोळ्यात अशी टिंगलीची कवनं म्हणतातच, हसून सोडून द्यायची असतात. खालच्या घरच्यांनी त्याला पाडलं आणि त्याचा उजवा हात दगडावर धरून ठेचला. तो मालकाला हाका मारत होता. मालक बैलाच्या शिंगांचे गोंडे नीट करत राहिला. मी चार हातांवर उभा होतो.

चौथ्या दिवशी सोयरे मधे पडले आणि दोन्ही घरं एका पंगतीला जेवली. कोर्टकचेरी कुणालाच नको होती. तेरी भी चूप, मेरी भी चूप. गडी बैलांच्या पायाखाली आला, असं ठरलं. जमादार पंचनाम्याला येणार होता, आणि पंच म्हणून सगळ्यांनी एकमुखानं माझं नाव घेतलं. मास्तर तटस्थ माणूस आहेत, म्हणाले.

सालदाराची बायको भर वर्गात आली. हात सडत चाललाय, खरं लिहिलं तर निदान बुलढाण्याच्या दवाखान्याचा खर्च तरी खालच्या घरावर येईल, असं तिनं दारातूनच सांगितलं. मी म्हणालो, "बाई, मी कुणाच्याच बाजूचा नाही."

ती रडली नाही. "गुर्जी, ते दोघं त एक झाले," ती म्हणाली. "आता तुमी कोनाच्या मधात उभे हा?"

मला तिचा राग आला. वर्गासमोर खरं बोलणाऱ्याचा येतो, तसा. मी तिला बाहेर जायला सांगितलं आणि पोरांना पुढचा धडा काढायला लावला.

दुपारी जमादार आला. त्याला लिहायचा कंटाळा, म्हणून मजकूर मीच लिहून दिला. बैल बिथरले, गडी पायाखाली आला. खाली सही केली. सालदाराचाही अंगठा हवा होता. तो घरात तापानं फणफणत पडला होता. डोळे उघडे होते. त्याचा चांगला हात मी माझ्या हातात घेतला, अंगठा शाईत बुडवला आणि नीट उमटेपर्यंत कागदावर दाबून धरला.