भाऊजींची अमेरिका
भाऊजी वारले आणि हार घालायला फोटो मागायला भाचा आला, तशी मला चिचगडला ताईच्या ओसरीवरची ती दुपार आठवली. आम्ही बहिणी धान पाखडत होतो आणि अमेरिकेतून नुकतेच परतलेले भाऊजी तिथली शहरं, समुद्राकाठचा रस्ता फोटोंतून मिरवत होते. "एकटाच गाडी चालवत गेलो," म्हणाले. ताईनं एक फोटो उजेडात धरला. आपल्याकडे चालवणारा बसतो त्या बाजूला भाऊजी ऐटीत बसले होते, पण स्टिअरिंग पलीकडे होतं आणि त्यावर लांब नखांचा, बाईचा गोरा हात. "मंग हे कोन चालवून राहिली?" ताईनं फोटो भिरकावला आणि नवऱ्याला जन्मात पहिल्यांदा अरे-तुरे केलं, "जेवाले तिलेच माग." फोटो मी उचलून ठेवला होता. भाच्याला तोच दिला, त्या हातासकट.